काफीतल्या भजनाला दुलपदाची लय

काफी रागातले भजन दुलपदाच्या लयीत बसवायचे तर आधी ताल जुळवा, सूर नंतर. दुलपद (गोव्यातल्या संथ मांडो गीताच्या जोडीने गायले जाणारे वेगवान कोंकणी गीत) सहा-आठच्या मापात, म्हणजे तीन-तीनच्या दोन हिश्श्यांत चालते. दादरा तालाच्या मात्राही सहा आणि विभागणीही तीच, म्हणून दादऱ्यातलेच भजन निवडा. आठ मात्रांच्या भजनी ठेक्यातली चाल सहात कोंबली की शब्दांचे वजन सरकते, ‘विठ्ठल’मधला ‘ठ्ठ’ भलत्याच जागी आपटतो. मेट्रोनोमचा (लय मोजणाऱ्या यंत्राचा) ठोका दर तीन मात्रांना एक ठेवा. सुरुवात मिनिटाला ५० ठोक्यांनी, चाल बसली की ७०.

पेटीची पट्टी बदलता येते, सूर पिळता येत नाहीत. म्हणून गिटार आणि व्हायोलिन पेटीला लावून घ्यायची. पेटी काळी एकमध्ये (सी शार्प) असेल तर गिटारच्या चौथ्या घरावर कॅपो (तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा) लावा आणि ए मायनर, डी मेजर, जी मेजर हे कॉर्डचे आकार धरा. इथे हमखास चूक होते: सवयीने हात डी मायनरवर जातो, त्यात कोमल धैवत येतो आणि काफीचा शुद्ध धैवत गाणाऱ्याच्या सुरांशी भांडतो.

मांडो-दुलपदाचा खरा गोडवा दोन आवाजांत आहे, तो सोडू नका. दुसरा आवाज रागातलाच एक सूर सोडून वरचा घेईल: सा वर कोमल ग, रे वर म, कोमल ग वर प, म वर ध, प वर कोमल नी. सगळे सूर काफीतलेच राहतात. हेच भूप रागात करायला गेलात तर रे वर मध्यम येतो, आणि तो भूपात नाही. पाच सुरांच्या रागात हा प्रयोग टाळलेलाच बरा.

ओळीच्या शेवटी सा वर येताना मांडोत शुद्ध निषाद हवासा वाटतो. काफीतही चढताना तो अधूनमधून चालतो. दोन्ही परंपरा इथे आपोआप भेटतात, तेव्हा ही जागा जपून वापरा, कडव्याला एकदाच. गिटारवर ई मेजरचा आकार. त्या क्षणी पेटीवाल्याने कोमल निषाद धरून ठेवला तर दोन्ही निषाद एकमेकांना घासतात, म्हणून हे आधी ठरवून घ्या.

घुमट (एका तोंडावर कातडे ताणलेले गोव्याचे मातीचे तालवाद्य) पहिल्या मात्रेला मागचे तोंड मोकळे ठेवून, चौथीला डाव्या तळव्याने झाकून वाजवा. पहिली गुंजेल, चौथी कोरडी लागेल आणि झोका त्यातूनच येईल. तबला असेल तर डग्ग्याने पहिल्या मात्रेला थांबावे, नाहीतर खर्ज माजतो. शामेळ (घुमटाच्या साथीचे, काठ्यांनी वाजवायचे तालवाद्य) असेल तर तबला नकोच.

घुमटावर आता बकऱ्याचे कातडे असते. घोरपडीचे वन्यजीव कायद्याने बंद आहे. चवथीच्या दिवसांत दमट हवेने कातडे सैल पडते. ऊन असेल तर थोडा वेळ तोंड उन्हाकडे करून ठेवा. गॅसवर थेट धरू नका, कातडे फाटते. माइक मागच्या तोंडासमोर नको, हवेचा धक्का बसतो. कातड्याच्या बाजूला तिरका, वीतभर अंतरावर ठेवा.