अँटीव्हायरसचं अपडेट कामाच्या आड येऊ नये म्हणून

ई-सेवा केंद्रात प्रवेशाचा फॉर्म भरताना मोबाइलवर ओटीपी आलेला असतो, मागे रांग उभी असते आणि नेमका तेव्हाच संगणक रेंगाळतो. २० तारखेला जीएसटीआर-३बी हे जीएसटीचं विवरणपत्र भरणाऱ्या कर सल्लागारांची, टॅलीत बिलं करणाऱ्या दुकानदारांचीही हीच तक्रार. मग वैतागून कुणीतरी अपडेटच बंद करून टाकतं. कृपा करून ते करू नका. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय हा फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला, तेव्हा तो ज्या फटीतून शिरला ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेलं होतं. अडकले ते मुख्यतः ते न घेतलेले संगणक. अपडेट थांबवायचं नाही, त्याची वेळ आपण ठरवायची. विंडोज ११ आणि त्यासोबत येणारा डिफेंडर हा अँटीव्हायरस धरून ते कसं करायचं ते सांगतो.

आधी अडवतंय कोण, ते बघा

"अपडेट आलंय" असं आपण म्हणतो, त्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात. संगणक मंदावला की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'सीपीयू' आणि 'डिस्क' या रकान्यांच्या मथळ्यांवर आळीपाळीने क्लिक करा, म्हणजे सगळ्यात जास्त खाणारं नाव वर येईल.

'अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' दिसलं, तर तो डिफेंडर, आणि बहुधा त्याचं स्कॅन चालू आहे. 'विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर' दिसलं, तर विंडोजचं स्वतःचं अपडेट बसतंय. तिसरी गोष्ट म्हणजे नव्या व्हायरसची ओळख सांगणारी यादी. ती दिवसातून अनेकदा येते, आकाराने लहान असते आणि तिच्यासाठी रीस्टार्ट लागत नाही. म्हणजे ज्या अपडेटला आपण शिव्या देतो, ते बहुतेक वेळा निर्दोष असतं. त्रास स्कॅनचा किंवा रीस्टार्टचा असतो.

स्कॅन जेवणाच्या सुट्टीत लावा

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो. विंडोजने स्कॅनसारख्या देखभालीच्या कामांची वेळ मुळात रात्री दोनची ठेवलेली असते. आपल्याकडे काम संपलं की संगणक बंद होतो आणि बोर्डावरचं बटणही बंद होतं. मग रात्रीचं राहिलेलं काम दुसऱ्या दिवशी संगणक चालू असताना उरकायला निघतं. म्हणून ही वेळ अशी हवी, जेव्हा संगणक चालू आहे पण समोर कुणी नाही. दुकानात, ऑफिसात ती वेळ म्हणजे दुपारचं जेवण.

१. कंट्रोल पॅनेलमध्ये 'सिक्युरिटी अँड मेंटेनन्स' उघडा. 'मेंटेनन्स'खाली 'चेंज मेंटेनन्स सेटिंग्ज' आहे, तिथे दुपारचे दोन निवडा.

२. स्टार्टमध्ये 'टास्क शेड्युलर' शोधून उघडा. डावीकडे लायब्ररी, मग मायक्रोसॉफ्ट, विंडोज, विंडोज डिफेंडर असं उलगडत जा. मधल्या यादीत 'विंडोज डिफेंडर शेड्यूल्ड स्कॅन' आहे, त्यावर डबल क्लिक करा.

३. 'ट्रिगर्स' टॅबमध्ये 'न्यू' दाबा, 'वीकली' निवडा, वार आणि वेळ द्या. महिन्याच्या तारखा नकोत. ११ आणि २० या जीएसटीच्या तारखा कोणत्याही वारी येतात, पण जेवणाची सुट्टी रोज असते.

४. लॅपटॉप असेल तर 'कंडिशन्स' टॅबमध्ये चार्जर लावलेला असतानाच चालू व्हावं, ही खूण तपासा.

आठवड्यातून एकदा स्कॅन पुरेसं आहे, कारण उघडणाऱ्या प्रत्येक फाइलवर डिफेंडरची नजर एरवीही असतेच. ती नजर, म्हणजे 'रिअल-टाइम प्रोटेक्शन', मात्र कधीही बंद ठेवू नका. आणि संगणकात जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर कोणतीही सेटिंग करा, स्कॅनच्या वेळी तो कुंथणारच. एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवून घेणं हाच त्यावरचा खरा इलाज.

बुधवारचा रीस्टार्ट

विंडोजचं मोठं सुरक्षा अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतं. अमेरिकेत तेव्हा सकाळ असते, आपल्याकडे रात्र. त्यामुळे इथे त्याची झळ बुधवारी सकाळी लागते. सेटिंग्जमध्ये 'विंडोज अपडेट', मग 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'ॲक्टिव्ह अवर्स' उघडा आणि कामाचे तास स्वतः भरा. जास्तीत जास्त १८ तास देता येतात. त्या वेळात विंडोज आपणहून रीस्टार्ट करत नाही. संध्याकाळी निघताना मात्र 'अपडेट अँड शट डाउन' दिसलं तर तेच निवडा आणि संगणक पूर्ण बंद होईपर्यंत बोर्डाच्या बटणाला हात लावू नका.

ऑफिसात चार-पाच संगणक असतील, तर अपडेट आधी एकावर घ्या आणि बाकीचे आठवडाभर 'पॉज' करा. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले आणि आपल्याकडच्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. ते अपडेट विंडोजचं नव्हतं, पण सगळे संगणक एकाच वेळी बदलू नयेत हे त्यातून घेण्यासारखं आहे.

पॉप-अप आणि डेटा

प्रोजेक्टरवर काही दाखवताना कोपऱ्यात सूचना येऊ नयेत म्हणून सेटिंग्जमधल्या 'नोटिफिकेशन्स'मध्ये 'डू नॉट डिस्टर्ब' आपोआप चालू होण्याचा पर्याय आहे. 'डिस्प्ले डुप्लिकेट करताना' यावर खूण करा.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करत असाल, तर त्या वायफायच्या माहितीत 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा, डेटा वाचतो. पण त्यात व्हायरसची यादीही अडकू शकते. म्हणून ब्रॉडबँड मिळालं की 'विंडोज सिक्युरिटी'त 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये जाऊन 'प्रोटेक्शन अपडेट्स'खालचं 'चेक फॉर अपडेट्स' हाताने दाबा.

पुण्याच्या क्विक हीलसारखं विकतचं अँटीव्हायरस असेल, तर डिफेंडर आपणहून बाजूला होतो. वेळापत्रक मग त्या सॉफ्टवेअरच्या सेटिंग्जमध्ये लावायचं. अशी दोन सॉफ्टवेअर एकत्र ठेवू नका, ती एकमेकांची तपासणी करत बसतात आणि संगणक दोघांत अडकतो.

हे सगळं लावल्यावर आठवड्याने 'प्रोटेक्शन अपडेट्स'मध्ये शेवटच्या अपडेटची तारीख बघा. आजची किंवा कालची हवी. जुनी असेल आणि हाताने दाबूनही अपडेट होत नसेल, तर कोपऱ्यातलं घड्याळ बघा. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा गोल सेल संपला की संगणक कित्येक वर्षं मागची तारीख धरतो आणि सर्व्हरशी सुरक्षित जोडणीच होत नाही. तारीख दुरुस्त करा आणि सेल बदलून घ्या, फार खर्च नाही.