एकमेकांपासून दूर राहणाऱ्या आईवडिलांनी मुलाच्या सुट्ट्या कशा वाटाव्यात

शाळेचं वर्षाचं वेळापत्रक हाती आलं की लगेच वाटणीला बसा. न्यायालयाचा आदेश असेल तर तो समोर ठेवा. त्यात बदल करायचा झाला तर तोंडी ठरवू नका, दोघांची लेखी संमती घ्या.

‘प्रत्येक सुट्टी निम्मी-निम्मी’ हा सल्ला सर्रास दिला जातो. एकाच गावात राहणाऱ्यांचं त्यावर भागतं. अंतर मोठं असेल तर मुलाची निम्मी सुट्टी गाडीत जाते. दहा दिवसांच्या आतली सुट्टी तोडूच नका. एका वर्षी पूर्ण आईकडे, पुढच्या वर्षी पूर्ण वडिलांकडे. विभागायची ती फक्त लांब सुट्टी. सम-विषम वर्षं धरत असाल तर डिसेंबरात सुरू होऊन जानेवारीत संपणारी सुट्टी कोणत्या वर्षाची, हेही लिहा. शाळा सुटते ते वर्ष धरणं सोपं.

खरी भांडणं होतात ती सुट्टीच्या दोन टोकांवरून. ‘सुट्टी लागल्यापासून’ म्हणजे शाळा सुटल्यावर त्याच संध्याकाळी की दुसऱ्या सकाळी? ‘शाळा उघडेपर्यंत’ म्हणजे आदल्या रात्री अकरा वाजता पोहोचलं तरी चालेल? करारात एवढंच लिहिलेलं असतं आणि दोघंही आपापल्या सोयीचा अर्थ लावतात. म्हणून दिवस मोजू नका, रात्री मोजा. मूल कोणाच्या घरी झोपलं, याबद्दल वाद होत नाही. दिवस मात्र दोघांनाही आपलाच वाटतो.

समजा, शाळा 12 तारखेला शुक्रवारी सुटते आणि 29 ला सोमवारी भरते. मधल्या रात्री 17. शाळेआधीच्या शेवटच्या दोन रात्री मुलाने शाळेच्या गावच्या घरीच काढायच्या. त्या वाटणीत धरायच्या नाहीत. गाडी रद्द झाली तर हाच एक दिवस हाताशी असतो, आणि मुलाला दप्तर भरायला, झोप पुरी करायला तो हवाच. उरल्या 15. जाता-येताचा प्रवास रात्रीचा असेल तर त्या दोन रात्री कोणाच्याच नाहीत, त्याही वजा करा. राहिलेल्या 13 पैकी 7 एकाकडे, 6 दुसऱ्याकडे. विषम उरलेली रात्र एरवी मूल ज्याच्याकडे नसतं त्याला द्यावी, असं माझं ठाम मत आहे. मग तारीख, वेळ आणि ठिकाण लिहा: ‘13 तारखेला सकाळी 9, स्टेशनचं मुख्य प्रवेशद्वार’. ‘सोयीने’ हा शब्द करारात येऊ देऊ नका.

तिकीट कोण काढणार, खर्च कसा वाटणार आणि किती दिवस आधी कळवणार, हे एका ओळीत लिहा. तारीख ऐनवेळी बदलणाऱ्याने वाढीव पैसे भरावेत.

मूल एकटं विमानाने जाणार असेल तर तिकिटाआधी विमान कंपनीचे नियम वाचा. वयाची अट प्रत्येक कंपनीची वेगळी असते, अनेक कंपन्या विमान बदलावं लागत असल्यास एकट्या मुलाला नेत नाहीत, आणि घ्यायला येणाऱ्याचं नाव आधीच द्यावं लागतं. ओळखपत्रावर असतं तसंच नाव द्या. परदेशी जायचं असेल तर दुसऱ्या पालकाचं संमतिपत्र परतीच्या तारखेसह जवळ ठेवा. मुलांना परस्पर परदेशी नेण्या-ठेवण्याविरुद्धच्या 1980 च्या हेग करारात सामील देशांत ठरलेल्या मुदतीपलीकडे मुलाला परस्पर ठेवून घेणं बेकायदेशीर ठरू शकतं.

अगदी लहान मुलाला लांब पाठवू नका. पालकानेच त्याच्या गावी जावं. मोठ्या मुलाला शिबिर, सामने, मित्रांचे बेत जरूर विचारा, पण ‘तुला कोणाकडे जायचंय?’ हा प्रश्न त्याच्यावर टाकू नका. तो निर्णय मोठ्यांचा.

आजारपणाने किंवा गाडी रद्द झाल्याने बुडालेल्या रात्री पुढच्या लांब सुट्टीत द्याव्यात, शाळा बुडवून नव्हे. फोनची वेळ ठरवताना कोणत्या गावच्या घड्याळाने, तेही लिहा. काही देशांत उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे जातं, आणि ठरलेला फोन मूल झोपल्यावर येतो.