रॉडला दोरा गुंडाळण्याआधी: हिशोब आणि टेबलावरची मांडामांड

मासेमारीच्या रॉडचे गाइड, म्हणजे गळाची दोरी ज्यांतून जाते त्या कड्या, ब्लँकवर, म्हणजे रॉडच्या नुसत्या दांड्यावर, बांधायला बसण्याआधी दोऱ्याचा हिशोब उरकून घ्या. सात फुटी रॉडचं काम निम्म्यावर आलं आणि दोऱ्याचं रीळ संपलं, तर त्याच नंबरचं दुसरं रीळ आणूनही रंग जुळेलच असं नाही. रंगाची प्रत्येक खेप जराशी वेगळी उतरते. कोरड्या दोऱ्यात तो फरक डोळ्यांना जाणवत नाही, इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून बांधणीवर द्यायचा लेप, चढली की लगेच दिसतो.

दोऱ्यावर जाडी ए, बी, सी, डी अशी लिहिलेली असते. ए बारीक, साधारण ०.१५ मिमी; डी जाड, साधारण ०.२७ मिमी. कंपनीगणिक यात थोडा फरक पडतो, म्हणून पेन्सिलीवर वेढ्याला वेढा चिकटवून १० मिमी भरेपर्यंत दोरा गुंडाळा आणि वेढे मोजा. ए असेल तर ६६ च्या आसपास भरतील, डी असेल तर ३७ च्या आसपास. एका वेढ्याला दोरा लागतो ब्लँकच्या परिघाएवढा, म्हणजे व्यासाच्या ३.१४ पट. दोन्ही आकडे एकत्र केले की सोपं गणित हाती येतं: जिथे बांधायचं तिथला व्यास मिमीमध्ये, गुणिले बांधणीची लांबी मिमीमध्ये, गुणिले २१, भागिले १०००. उत्तर मीटरमध्ये येतं. डी दोऱ्यासाठी २१ च्या जागी १२ घ्या.

व्यास मोजायला व्हर्नियर कॅलिपर हवा. गाइडच्या जागा मास्किंग टेपने ठरवून झाल्या, रॉड वाकवून गळाची दोरी ब्लँकला कुठे घासत नाही ना ते पाहून झालं, की मगच मोजा. आधी मोजलेले आकडे गाइड सरकवल्यावर फुकट जातात. गाइडचा पाय, म्हणजे ब्लँकवर टेकणारी पट्टी, वेढ्याखाली येतो, म्हणून व्यासात अर्धा ते एक मिमी वाढवून धरा.

आता एक प्रत्यक्ष हिशोब. सात फुटी, एकसंध स्पिनिंग रॉड, आठ गाइड आणि टिप, म्हणजे टोकाची कडी, ए दोरा. पहिला गाइड दोन पायांचा: पायासकट सरासरी व्यास १० मिमी, दोन बांधण्या प्रत्येकी २८ मिमी, म्हणजे ११.८ मीटर. दुसऱ्यापासून पुढचे सगळे एका पायाचे. दुसरा ८ मिमी व्यासावर २२ मिमी लांब: ३.७ मीटर. तिसरा ७ वर २० मिमी: २.९. चौथा ६ वर १८ मिमी: २.३. पुढच्या चारही बांधण्या १६ मिमीच्या, व्यास ५, ४.५, ३.५ आणि ३: चारी मिळून ५.४ मीटर. टिपच्या नळीजवळ १० मिमीची बांधणी जेमतेम अर्धा मीटर खाते. गळ अडकवायच्या कडीला ११.५ मिमी व्यासावर २० मिमी, म्हणजे ४.८ मीटर, मुठीच्या तोंडाशी १२ वर २५ मिमी, म्हणजे ६.३. बेरीज ३७.७ मीटर. यात एकट्या पहिल्या गाइडचा वाटा जवळपास एक तृतीयांश आहे. टिपकडच्या गाइडांची चिंता कुणी करू नये. दोरा जातो तो मुठीकडे, जिथे ब्लँक जाड असतो.

पण हिशोब इथे थांबवला की रीळ कमी पडतं. प्रत्येक बांधणीच्या सुरुवातीला आणि शेवटी शेपूट सोडावं लागतं, ताण देणाऱ्या चकतीपासून ब्लँकपर्यंतचा दोराही दरवेळी कापला जातो. बांधणीमागे अर्धा मीटर धरा: बारा बांधण्यांचे ६ मीटर. झाले सुमारे ४४. वर चौथा हिस्सा उलगडून पुन्हा बांधण्यासाठी ठेवा, कारण दोन-तीन बांधण्या नक्की उलगडाव्या लागतात आणि एकदा ताणलेला, घासलेला दोरा परत वापरायचा नसतो. म्हणजे ५५ मीटर. १०० यार्डांच्या रिळात ९१ मीटर असतात, तेव्हा या रॉडला एक रीळ पुरतं. खालचं अस्तर, म्हणजे गाइडच्या पायाखाली आधी गुंडाळायचा थर, हवा असेल तर आकडा दुपटीच्या पुढे जातो; मग एकाच खेपेची दोन रिळं एकदम घ्या.

बांधणीच्या कडेला शोभेसाठी घालायच्या पट्टीचा हिशोब उलटा असतो. चंदेरी किंवा सोनेरी दोऱ्याचे पाच-सहा वेढे म्हणजे ७ मिमी व्यासावर जेमतेम १३ सेंटीमीटर, पण हातात धरायला आणि शेवट वेढ्यांखाली फासाने ओढून घ्यायला त्याच्या तिप्पट-चौपट दोरा वाया जातो. इथे वेढे मोजू नका, पट्ट्या मोजा: दर पट्टीला ६० सेंटीमीटर. हा चमकणारा दोरा नायलॉनसारखा ताणला जात नाही आणि पटकन विस्कटतो, म्हणून त्याला ताण कमी द्या.

रॉड दोन तुकड्यांचा असेल तर जोडाच्या मादी तोंडावरची बांधणी यादीत सगळ्यात वर लिहा. गाइड सुटला तर तो परत बांधता येतो. जोडाचं तोंड चिरलं तर ब्लँक गेला. मासा ओढताना आतला नर भाग तोंडाला बाहेर फाकवतो आणि तंतू लांबीच्या दिशेने जास्त असल्यामुळे तिथे उभी चीर पडते. तिला रोखतात ते आडवे वेढेच. तोंडाच्या अगदी कडेपासून सुरुवात करून २० ते २५ मिमी घट्ट बांधा, आणि हा दोराही हिशोबात धरा.

रंग ठरवताना साधा नायलॉन आणि रंग टिकवणारा, म्हणजे एनसीपी, यांतला फरक समजून घ्या. साधा नायलॉन इपॉक्सी पिऊन पारदर्शक होतो: काळ्या ब्लँकवर लाल दोरा काळपट तपकिरी दिसतो, पांढरा जवळपास नाहीसा होतो. पायाचं धातू त्यातून दिसतं. एनसीपीचा रंग तसाच राहतो, पण तो इपॉक्सी कमी शोषतो. त्याच व्यासाच्या टाकाऊ ब्लँकवर १० मिमी बांधून, इपॉक्सी लावून, दुसऱ्या दिवशी उन्हात पाहा आणि मगच ठरवा. शिवणकामाचा सुती दोरा मात्र नको. त्याची लव इपॉक्सीतून काट्यांसारखी वर येते.

टेबलावर हवं ते असं: ब्लँक टेकवायला पुठ्ठ्याच्या खोक्याला कापलेल्या दोन व्ही खाचा, आत मऊ कापड. ताणासाठी शिवणयंत्राची ताणचकती, नाहीतर रीळ वाटीत ठेवून दोरा जाडजूड पुस्तकाच्या पानांमधून आणा. पुस्तकावर वजन वाढवलं की ताण वाढतो. नवं ब्लेड, बारीक कानस, २ मिमी रुंद मास्किंग टेप, वेढे दाबून फट बुजवायला गुळगुळीत गोल टोकाची काडी, स्पिरिटचा दिवा आणि शेवट आत ओढायला पक्क्या ब्रेडेड दोरीचा १५ सेंटीमीटरचा फास. हा फास शेवटच्या सात-आठ वेढ्यांखाली घालायचा असतो. तो घालायला विसरलात तर बांधणी उलगडण्यावाचून उपाय नाही, म्हणून तो डोळ्यांसमोर ठेवा.

गाइडचे पाय कानशीने घासायलाच हवेत, कारखान्यातून कसेही आले तरी. पायाचं टोक जाड राहिलं तर दोरा चढताना पायरी पडते, तिथे फट राहते आणि फटीत इपॉक्सीचा बुडबुडा बसतो. टोक कागदासारखं पातळ करा, चढ सरळ ठेवा आणि खालच्या बाजूची धार बोटाने तपासून काढून टाका. ती धार ब्लँकला ओरखडा पाडते आणि नेमका तिथेच रॉड तुटतो. बांधणी नेहमी ब्लँकवरून पायावर चढवत न्या. ताण इतकाच हवा की बांधून झाल्यावर अंगठ्याने जोर लावला तर गाइड केसभर सरकेल. अजिबात हलत नसेल तर सरळ रेषेत आणता येणार नाही, आणि पातळ ब्लँकला तो ताण सोसत नाही.

इपॉक्सीच्या दोन भागांसाठी सम मापाच्या दोन सिरिंज, अ भागासाठी एक, ब भागासाठी एक, खुणा करून. पिस्टनला सिलिकॉन तेल असलेल्या सिरिंज टाळा. त्या तेलाने लेपात गोल खड्डे पडतात. हाताच्या क्रीमनेही तेच होतं. एका लेपाला ३ आणि ३ मिली पुरतं. माप अंदाजे घेतलं तर लेप चिकट राहतो आणि तो नंतर सुकत नाही. दोन-तीन मिनिटं हळू ढवळून ॲल्युमिनियमच्या कागदावर ओता. पसरला की बुडबुडे फुटतात आणि हाताशी वेळही जास्त राहतो. लेप लागला की रॉड मोटरवर किमान चार तास सावकाश फिरता राहिला पाहिजे, म्हणून वीज जाण्याच्या वेळा पाहूनच ढवळायला घ्या.

कोकणात खडकांवरची मासेमारी पावसात थांबते, त्यामुळे खाडीतल्या जिताड्यासाठीचे रॉड बरेचदा जून ते सप्टेंबरमध्येच बांधले जातात. बांधणीला तो काळ उत्तम, लेपाला वाईट. दमट हवेत लेपावर तेलकट, धुरकट साय येते. खोली बंद करा, १०० वॅटचा जुना बल्ब लावून हवा कोरडी आणि २४ ते २७ अंशांवर ठेवा. पुण्या-नाशकाच्या हिवाळ्यात अडचण वेगळी: गार इपॉक्सी घट्ट होते आणि बुडबुडे सोडत नाही. बाटल्या झाकण लावून दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा आणि ओतण्याआधी बाहेरून पूर्ण पुसा. दुसरा लेप २४ तासांनी द्या, आणि त्यानंतर निदान आठवडाभर रॉडवर वजन टाकू नका.