समोरचा बोलतोय तेव्हा मनात उत्तर तयार करू नका

आई फोनवर गुडघा दुखतोय म्हणाली की मी लगेच सुरू व्हायचे, डॉक्टरला दाखव, तेल लाव, जिने चढू नकोस. वर्षानुवर्षं हेच केलं आणि ती हळूहळू काही सांगेनाशीच झाली, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

आता एक करते, तुम्हीपण करून बघा. तिचं बोलणं थांबलं की मनात तीन आकडे मोजायचे आणि तोवर गप्प बसायचं. सुरुवातीला ती शांतता खूप जड जाते, पण बऱ्याचदा खरी गोष्ट त्यानंतरच येते, आईचं 'गुडघा दुखतोय' थोड्या वेळाने 'देवळात जाणं सुटलं गं, कोणी भेटतच नाही' इथे आलं. मग तिचंच म्हणणं आपल्या शब्दांत परत विचारायचं, "म्हणजे करमत नाहीये का तुला?" आपलं चुकलं असेल तर ती स्वतःच सांगते, नाही गं, तसं नाही.

हे परत म्हणून बघणं अमेरिकेतल्या कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९५७ मध्येच लिहून ठेवलंय, आणि आपल्याकडे तर नवविधा भक्तीत श्रवण पहिलं येतं, कीर्तनाच्याही आधी.

आणि हो, बोलताना स्क्रोलिंग अजिबात नको, आवाजावरून कळतं त्यांना.

सल्ला द्यावासा वाटलाच तर आधी विचारा, "काही सुचवू, की नुसतं ऐकू?" माझी आई बहुतेक वेळा म्हणते, नुसतं ऐक.