मोठा प्रिंटर घ्यावा की बाहेरून छापून आणावं?

४४ इंच रुंदीपर्यंत छापणारा, पिगमेंट शाईचा (रंगाचे बारीक कण असलेल्या शाईचा) प्रिंटर फोटो स्टुडिओत घ्यायचा विचार असेल तर आधी आषाढातल्या कामाचा हिशेब करा, गणपतीतल्या नव्हे. सणाच्या दिवसांत कुठलंही मशीन परवडणारंच वाटतं.

समजा हप्ता, देखभाल, वीज आणि पुढेमागे हेड (शाई फवारणारा भाग) बदलावं लागेल म्हणून बाजूला काढलेले पैसे मिळून महिन्याला ४०,००० रुपये होतात. बाहेर कॅनव्हास १२० रुपये चौरस फुटाने छापून मिळतो आणि तुमचा शाई-कॅनव्हासचा खर्च ६० आहे. म्हणजे फुटामागे ६० वाचले. ४०,००० भागिले ६०, साधारण ६६७ चौरस फूट. २ बाय ३ फुटांच्या १११ फ्रेम, दर महिन्याला, भर पावसातसुद्धा! रत्नागिरी-कुडाळसारख्या गावात एवढं काम नक्की आहे का, हे जुन्या बिलांवरून बघा. तुमचे दर घालून हाच भागाकार करा.

आपल्याकडची दमट हवा हा वेगळाच खर्च. कागद ओल धरतो, फुगतो, हेडला घासतो. त्यामुळे बंद खोली, एसी किंवा डिह्युमिडिफायर आणि चांगला यूपीएस हवाच. शिवाय मशीन पडून राहिलं की नोझल, म्हणजे हेडची शाईची बारीक छिद्रं, सुकतात आणि ती साफ करण्यातच महागडी शाई जाते.

आकडा जुळत नसेल तर कोल्हापूरहून छापून मागवा. घाईची छोटी कामं २४ इंचीवर घरीच होतात, आणि माझ्या मते बहुतेक स्टुडिओंना तेवढं पुरतं.