उतरलेलं वजन परत चढू नये म्हणून

वजन उतरल्यावर शरीराला पूर्वीपेक्षा कमी अन्न पुरतं, पण भूक मात्र वाढते. म्हणून आधीइतकाच भात जेवलात तर काटा गुपचूप वर सरकतो. यात तुमचा आळशीपणा नाही, शरीराची रीतच तशी.

अमेरिकेत 1994 पासून एक नोंदवही आहे: किमान 13.6 किलो घटवून वर्षभर टिकवणाऱ्यांची. त्यांतले बहुतेक आठवड्यातून एकदा तरी वजन करतात, न्याहारी चुकवत नाहीत आणि रोज तासाभराचा व्यायाम, बहुधा चालणंच, करतात.

आपल्या घरी हे असं जमतं. सोमवारी सकाळी चहाआधी काट्यावर उभं राहायचं आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या दिवसाच्या चौकोनात लिहायचा. दोन किलो वाढले की त्याच दिवसापासून हात आखडता. ‘गणपती होऊन जाऊदे, मग बघू’ हे वाक्य घातकी आहे! मोदक खा, तुपाची धार तेवढी सांभाळा. भात ताटात थेट वाढू नका. वाटीत भरून मूद पाडा, म्हणजे किती घेतला ते दिसतं. बांगडा तळण्यापेक्षा तिरफळं घालून तिखलं, म्हणजे तिखट कालवण, करा. रोज नारळाच्या दुधाची सोलकढी हवीच असं नाही, नारळाविना केलेली फुटी कढीही छान लागते.

चालण्याचं खरं घोडं पावसात अडतं. शेवाळलेल्या पाखाडीच्या दगडी पायऱ्यांवर पाय घसरण्यापेक्षा पडवीत फेऱ्या मारा, दहा-दहा मिनिटांच्या. घरचे हसतील दोन दिवस.