रात्री डोंगरात काहीतरी विचित्र ऐकू आलं, दिसलं, जाणवलं तर काय करायचं

सगळ्यात आधी एकच गोष्ट, बाकी काही वाचलं नाही तरी चालेल. रात्री तंबूबाहेर कसलाही आवाज आला तर बघायला म्हणून उठून बाहेर पडायचं नाही. सह्याद्रीत रात्रीचा खरा धोका म्हणजे कडा, सुटलेला दगड आणि न झटकता पायात घातलेला बूट, आणि घाबरलेला माणूस नेमका याच तिघांकडे धावतो. इतकी वर्षं मुलांना घेऊन डोंगरात झोपतोय, भीती वाटणारच, मलाही वाटते. फक्त त्या भीतीत पहिली पाच मिनिटं कशी काढायची हे आधी ठरवून ठेवलेलं असलं पाहिजे.

माझाच अनुभव सांगतो. डिसेंबरातली रात्र, माळशेजच्या बाजूचं एक पठार, आम्ही सहा जण, तीन तंबू. अडीचच्या सुमारास मला जाग आली ती पैंजणांच्या आवाजाने. छुम छुम छुम, मग थांबायचं, मग तंबूच्या दुसऱ्या बाजूने परत छुम छुम. मध्येच कोणीतरी घुरल्यासारखं. शेजारचा मित्र पण जागा होता आणि एक शब्द न बोलता बूट शोधत होता, त्याला बाहेर पळायचं होतं. मी त्याचा हात धरून ठेवला कारण आमच्यापासून चाळीसेक पावलांवर पठार संपून कडा होता आणि त्याने टॉर्चसुद्धा हातात घेतला नव्हता. आम्ही दोघं उठून बसलो, पाणी प्यायलो, मी मोठ्याने पण साध्या आवाजात बोलायला लागलो, उद्या नाश्त्याला काय करायचं वगैरे. आवाज लांब गेला. सकाळी बघतो तर भाजीची पिशवी फाटलेली, बटाट्यांवर दातांच्या दोन दोन रेघा आणि गवतात वीतभर लांब काळापांढरा काटा. साळिंदर! त्याच्या शेपटीचे काटे पोकळ असतात, बिथरलं की ते हलवून खुळखुळ वाजवतं. अंधारात, थंडीत, अर्धवट झोपेत तो आवाज पैंजणांचाच वाटतो, आणि ज्याने लहानपणी आजीकडून हडळीच्या गोष्टी ऐकल्यात त्याला तर दुसरं काही वाटूच शकत नाही.

तर आवाज आला की आधी उठून बसा. आडवं पडून ऐकलं की सगळं जास्त जवळ आणि जास्त मोठं वाटतं. मग शेजारच्याला हलवून उठवा आणि विचारा, तुलापण येतोय का आवाज. यात लाज कसली, उलट आमच्या ग्रुपमध्ये हा नियमच आहे की ज्याला भीती वाटली त्याने दुसऱ्याला उठवायचंच. दोन घोट पाणी प्या. घड्याळ बघून वेळ लक्षात ठेवा. बाहेर जायलाच लागलं, लघवीला वगैरे, तर दोघांनी जायचं, टॉर्च घेऊन, बूट उलटे करून झटकून (विंचू), आणि संध्याकाळी उजेडात ठरवून ठेवलेल्या जागेपर्यंतच.

आता आवाजांचं बघू, कारण बहुतेक गोष्टी आवाजापासूनच सुरू होतात. कुत्रा भुंकतोय पण जवळपास वाडीच नाही, एकसारखा भॉक, थांबून परत भॉक, तर ते भेकर, म्हणजे छोटं हरीण असतं आणि बहुतेक वेळा त्याने बिबट्या पाहिलेला असतो. करवतीने लाकूड कापल्यासारखा खरखर आवाज, एका लयीत, तो स्वतः बिबट्या. किल्ल्यावरच्या पडक्या वाड्यात किंवा टाक्याजवळ कोणीतरी घशातून किंचाळल्यासारखं, आणि वर बघितलं तर पांढरं काहीतरी आवाज न करता तरंगत गेलं, तर ते गव्हाणी घुबड, त्याच्या पंखांचा आवाज खरंच येत नाही आणि चेहरा पांढराफटक असतो. फरशीवर गोटी टप्पे खात जावी तसा टक् टक् टक्टक् म्हणजे रातवा नावाचा पक्षी. आणि कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ सुटते तसा फुस्स आवाज पायाजवळ आला तर जागच्या जागी थांबायचं, ती घोणस आहे, अशा वेळी भुताचा विचार सोडा आणि टॉर्च जमिनीवर मारा.

माणसांचे आवाज वेगळे. थंडीच्या शांत रात्री जमिनीजवळची हवा गार होते, वरची थोडी उबदार राहते, त्यामुळे आवाज वर विरून न जाता खाली वाकतो आणि फार लांबपर्यंत जातो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर मी स्वतः रात्री एक वाजता खालच्या काळोखातून टाळ आणि बायकांचा आवाज ऐकलाय, शब्द कळत नव्हते, नुसता सूर. अंगावर काटा आला होता. खाली बेलपाड्याकडे भजन चालू होतं, एवढंच. म्हणून कुठेही मुक्काम टाकला की उजेड असताना एकदा चारी बाजूंना बघून घ्यायचं, कुठल्या दिशेला कुठलं गाव, कुठे देऊळ, कुठे रस्ता, आणि ते ग्रुपमध्ये सगळ्यांना दाखवायचं.

डोळे दिसले तर. बऱ्याच प्राण्यांच्या डोळ्यांत मागे एक चकाकणारा थर असतो, तो टॉर्चचा उजेड परत फेकतो, माणसाच्या डोळ्यांत तो नसतो. म्हणजे अंधारात चमकणारे डोळे दिसले तर तो निदान माणूस तरी नाही. गाय, म्हैस, बिबट्या, कुत्रा, मांजर सगळ्यांचे चमकतात, त्यामुळे नुसत्या रंगावरून ओळखायला जाऊ नका, जमिनीपासून उंची किती, डोळे खालीवर कसे होतात ते बघा. गवतात शेकडो बारीक हिरवट ठिपके दिसले तर ते बरेचदा कोळी असतात, पहिल्यांदा दवाचे थेंबच वाटतात. बिबट्याच आहे असं वाटलं तर पळायचं नाही, खाली वाकायचं नाही, सगळ्यांनी एकत्र उभं राहून मोठ्याने बोलत सावकाश मागे सरकायचं, त्याला जायला वाट मोकळी ठेवायची.

लांबचे दिवे हा सगळ्यात फसवा प्रकार. काळोखात एकच बारीक दिवा टक लावून बघत बसलं की तो हलायला लागतो, डावीकडे सरकतो, वर जातो, खरं तर तो तिथेच असतो, आजूबाजूला ताडून बघायला काही नसल्यामुळे डोळा फसतो. यावर सोपा उपाय म्हणजे जमिनीत काठी रोवा, बसून काठीच्या टोकाशी दिवा जुळवा आणि डोकं न हलवता पाच मिनिटं बघा. खरंच हलत असेल तर काठीपासून सुटेल. आणि जूनमध्ये पहिल्या पावसानंतर ओढ्याच्या कडेने खालीवर होणारे दिवे म्हणजे गावातली मंडळी बॅटऱ्या घेऊन खेकडे धरायला निघालेली असतात. पावसाळ्यात भीमाशंकरच्या जंगलात कुजलेल्या लाकडांवर हिरवट फिकट उजेड दिसतो तो बुरशीचा, टॉर्च बंद करून वीस-तीस मिनिटं डोळे अंधाराला सरावले की मग दिसतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी तिथेच बसून राहिलो, इतकं सुंदर काही मी रात्री कधी पाहिलं नव्हतं.

आता चकवा. यावर जरा जास्त लिहितो कारण यात माणसं खरंच अडचणीत येतात. तीच बाभूळ, तोच दगड, तीच वाट, तासभर चालून परत तिथेच. गावातले लोक याला चकवा लागला म्हणतात आणि शहरातली पोरं हसतात, हसू नका, हे खरंच होतं. २००९ मध्ये जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी माणसांना जीपीएस लावून जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगितलं होतं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर लोक सरळ चालले, ढग आले की वळायला लागले, गोल फिरून स्वतःचीच वाट ओलांडली आणि त्यांना पत्तासुद्धा लागला नाही. डोळे बांधल्यावर तर वीस मीटर व्यासाची वर्तुळं. म्हणजे धुक्यात पठारावर किंवा कारवीच्या रानात आपलं जे होतं ते कोणाचंही होतं.

मला यावरचा उपाय एका ठाकर बाबांनी सांगितला, मी तेव्हा विशीत होतो. म्हणाले, पोरा, चकवा लागला की खाली बसायचं, चपला काढायच्या, या पायातली त्या पायात घालायची, पाणी प्यायचं, देवाचं नाव घ्यायचं, मग उठायचं. मी खूप विचार केला यावर आणि आता ग्रुपला हेच सांगतो, कारण यात सगळं आलं. बसलं की घाबरून धावणं थांबतं. चपलांची अदलाबदल करायला दोन मिनिटं जातात, तेवढ्यात श्वास जागेवर येतो. पाण्याने डोकं चालायला लागतं. त्यानंतर फोनमधला नकाशा किंवा होकायंत्र बघा, तो काय म्हणतो ते माना, मन काय म्हणतंय ते नको. हे काहीच जवळ नसेल आणि अंधार किंवा धुकं असेल तर उजाडेपर्यंत हलू नका, सगळे गरम कपडे अंगावर चढवा, सॅकवर बसा, थोड्या थोड्या वेळाने शिट्टी मारा. आणि पाणी जिकडे जातं तिकडे उतरू असं म्हणून ओढ्यात शिरू नका, सह्याद्रीतला ओढा बरेचदा थेट धबधब्याच्या तोंडाशी नेऊन सोडतो.

आपल्या मागे कोणीतरी चालतंय असं वाटणं. खूप दमलेल्या, तहानलेल्या, झोप न झालेल्या माणसाला हे होतं. १९१६ मध्ये अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर निघालेला शॅकल्टन आणि त्याचे दोन सोबती दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटाचे बर्फाळ डोंगर एका दमात ओलांडून गेले, आणि आपण तिघं नसून चौघं आहोत असं त्यांना वाटत राहिलं होतं. तुम्हाला असं वाटलं तर ते ग्रुपला सांगा आणि थांबा, खा, पाणी प्या. रात्रीच्या चालीत प्रत्येकाला नंबर द्या आणि दर थांब्याला ओरडून नंबर म्हणायला लावा, डोकी मोजू नका, मोजणाराही दमलेला असतो आणि एक जास्त किंवा एक कमी भरला की सगळे उगाच हादरतात.

झोपेत छातीवर कोणीतरी बसलंय, हलता येत नाही, ओरडता येत नाही, हे दमून उताणं झोपल्यावर बऱ्याच जणांना होतं. मेंदू जागा झालेला असतो, शरीर अजून झोपेत. बोटाचं टोक किंवा जीभ हलवायचा प्रयत्न करा, सुटतं, मग कुशीवर वळून झोपा.

पण तंबूत सगळ्यांचंच डोकं दुखतंय, मळमळतंय, कोणीतरी असंबद्ध बोलतंय आणि आत कोळशाची शेगडी किंवा स्टोव्ह आहे तर ताबडतोब सगळ्यांना बाहेर काढा. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, रंग नसतो, आणि तो झोपेतच जीव घेतो. शेगडी तंबूत न्यायचीच नाही, विझत आलेली तर अजिबात नाही. तसंच पावसाळ्यात चिंब भिजून वाऱ्यात बसलेला माणूस बडबडायला लागला, अडखळायला लागला, थरथर थांबली आणि गरम होतंय म्हणून कपडे काढायला लागला तर त्याच्या अंगात आलेलं नाही! त्याचं शरीर गार पडत चाललंय. ओले कपडे काढून कोरडे घाला, स्लीपिंग बॅगमध्ये घाला, दोघांनी त्याला चिकटून झोपा, शुद्धीत असेल तर गरम गोड पाणी द्या, आणि मदत मागवा. भगत शोधण्यात वेळ घालवू नका, मी हे हात जोडून सांगतोय.

माणसांची भीती मात्र खरी माना. शिकार आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे, त्यामुळे रात्री रानात बंदूक, जाळी किंवा तारेचे फास घेऊन फिरणारा चोरून शिकार करतोय. त्याच्याशी बोलायला, फोटो काढायला जाऊ नका, दिवे घालवून शांत बसा, गोळीच्या आवाजाची वेळ आणि दिशा लक्षात ठेवा, रेंज आली की वनखात्याच्या १९२६ नंबरवर कळवा.

आणि गावातल्यांनी सांगितलं की तिथे नका झोपू, तर नका झोपू. देवराईत नका, पाणवठ्याजवळ नका, आग्या मोहोळाच्या कड्याखाली नका. ते कारण म्हणून देवाचं नाव सांगतील, राखणदाराचं सांगतील, पण त्यामागे बरेचदा कोणीतरी भोगलेलं असतं.

मी एक छोटी वही ठेवतो. वेळ, दिशा, वारा होता का, आवाज कसा, किती वेळा. सकाळी ती वाडीतल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला वाचून दाखवायची आणि आवाज तोंडाने काढून दाखवायचा. मागच्या वर्षी एका बाबांसमोर मी तसा भुंकून दाखवला, तीन वेळा, थांबून परत दोन वेळा. त्यांनी विडी बाजूला ठेवली आणि विचारलं, कुठल्या अंगाला? मी हात केला. म्हणाले, भेकर ते, वाघरू बघितलंय त्याने, रोज रात्री त्याच पाण्यावर येतं. आमचे तंबू त्या पाण्यापासून शंभर पावलंही लांब नव्हते. दुपारीच सगळं गुंडाळून वर वाडीत आणलं आणि ती रात्र बाबांच्या खळ्यात काढली.